जुन्या मोठ्या स्पीकरांसाठी एक पेटी, चौघांत फिरती

जुने मोठे स्पीकर दूरच्या गावी पाठवायला चौघांनी मिळून लाकडी पेटी करायची आणि पाळीपाळीने वापरायची, ती कशी बांधायची ते इथे आहे. पहिल्या फेरीत पेटी सहसा दगा देत नाही. दगा देते ती चौथ्या-पाचव्या फेरीत. तोवर स्क्रूची भोकं सैल झालेली असतात, फोम दबून पातळ झालेला असतो, हरवलेल्या बोल्टच्या जागी कुणीतरी हाताला लागला तो खिळा ठोकलेला असतो आणि झाकणावर मागच्या मुक्कामाचं लेबल तसंच चिकटलेलं असतं. म्हणून सामायिक पेटी बांधताना नुसती मजबुती बघून भागत नाही. झिजणारा प्रत्येक भाग नजरेला दिसला पाहिजे, फूटपट्टीने मोजता आला पाहिजे आणि पुढच्या माणसाला एका पान्याने बदलता आला पाहिजे. खालची सगळी मापं हे धरून दिली आहेत.

उदाहरणाला जेबीएल ४३४३ घेतला आहे. हा स्टुडिओ मॉनिटर १०५१ मिमी उंच, ६३५ रुंद, ४३५ खोल आणि ७९ किलो वजनाचा. १५ इंची वूफर (खालचे सूर वाजवणारा मोठा ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा भाग) असलेले बरेच जुने स्पीकर या घराण्यातलेच, त्यामुळे आकडे थोडे सरकवले की तुमच्या स्पीकरला लागू होतील.

आधी हिशेब: पेटी वाटून घेणं परवडतं का?

एकदाच वापरायची साधी पेटी करायला जेवढा खर्च येतो, त्यापेक्षा (पक्क्या पेटीच्या खर्चातला एका फेरीचा वाटा + दुरुस्तीची वर्गणी + रिकामी पेटी पुढच्या माणसाकडे पोचवण्याचं भाडं) कमी भरलं तरच यात अर्थ आहे. पक्की पेटी १० फेऱ्या चालेल असं धरून वाटा काढा. २५ फेऱ्या धरणारे असतात, पण तेवढ्यात निम्मी पेटी बदलून झालेली असते.

या बेरजेत मारतं ते शेवटचं भाडं. मालवाहतुकीत वजन आणि आकारमान यांतलं जे जास्त भरेल त्यावर पैसे लागतात. विमानाच्या मालाला १ घनमीटर म्हणजे १६७ किलो धरतात, बऱ्याच कुरिअरना २०० किलो. खाली दिलेली पेटी बाहेरून १३०९ × ८९४ × ७३१ मिमी होते, म्हणजे सुमारे ०.८६ घनमीटर. स्पीकरसह तिचं खरं वजन १५५ किलोच्या आसपास जातं आणि विमानाचं आकारमानी वजन १४३ किलो, म्हणून भरलेली असताना पैसे खऱ्या वजनाचे लागतात. रिकामी पेटी मात्र फक्त ७५ किलोची असते आणि उभीच पाठवली तर तिचेही १४३ किलोचे पैसे मोजावे लागतात. तीच सुटी करून थप्पीने बांधली तर उंची ३६४ मिमीवर येते, आकारमानी वजन ७१ किलो होतं आणि बिल ७५ किलोचं येतं. जवळजवळ निम्मं. सामायिक पेटी खिळे-डिंकाने कायमची जोडू नये याचं मुख्य कारण हे.

समुद्रापलीकडे पाठवायचं असेल तर पेटी परत मागवण्याचा नाद सोडा. ती तिकडेच पुढच्या माणसाला द्यावी किंवा त्या सौद्यात विकून टाकावी.

एका पेटीत एकच स्पीकर

जोडी एकाच पेटीत घालायचा मोह होतो. तो टाळा. दोन ४३४३ एकत्र म्हणजे पेटीसह अडीचशे किलोच्या पुढे. फोर्कलिफ्ट नसलेल्या दारात ती पेटी उतरवताच येत नाही, मग माणसं ती कलंडवून, सरकवून, शेवटी सोडून देऊन उतरवतात. शिवाय आतला एक स्पीकर सुटला तर दुसऱ्यालाही घेऊन जातो. सारख्या मापाच्या दोन पेट्या करा, ‘अ’ आणि ‘ब’. सगळे भाग दोन्हींत अदलाबदल करता आले पाहिजेत, म्हणजे एका पेटीचं पॅनेल मोडलं तर दुसरीवरून माप घ्यायला मिळतं.

स्पीकर पेटीत पाठीवर, तोंड वर करून झोपवायचा. उभा ठेवला तर पेटी तिच्या पायाच्या मानाने फार उंच होते आणि उंच पेटी ट्रकमध्ये कलंडते, किंवा कलंडेल म्हणून कुणीतरी ती आधीच आडवी टाकतो, बहुतेक वेळा तोंडावर. रुंद, बसकी, वर ‘वर’ लिहिलेली पेटी कुणी उलटी करायला जात नाही. क्वाड ईएसएल-५७ सारखे इलेक्ट्रोस्टॅटिक (कोनऐवजी ताणलेल्या पातळ पडद्याने वाजणारे) स्पीकर या नियमाला अपवाद. ते उभेच न्यावेत आणि दाब फक्त लाकडी कडांवर यावा, जाळीवर बोटाएवढाही नको. क्लिपशहॉर्नसारख्या कोपऱ्यात बसणाऱ्या हॉर्नची पाठ निमुळती असते. त्यांना या पेटीत बसवायची खटपट करू नये. त्यांची पेटी वेगळीच लागते.

सांगाडा

लागणारं सामान, एका पेटीला:

- १८ मिमी प्लायवुड: तळ आणि झाकण, दोन्ही १३०९ × ८९४
- १२ मिमी प्लायवुड: लांब बाजू २ (१३०९ × ५९५), आखूड बाजू २ (७८० × ५९५), तोंडावरची फळी १ (१०५१ × ६३५)
- ४५ × ४५ मिमी लाकडी बॅटन (चौकोनी पट्ट्या): सुमारे १४ मीटर
- ९० × १०० मिमी लाकूड, ८९४ मिमी लांबीचे ३ तुकडे: तळाचे ओंडके, १०० मिमी उंचीच्या बाजूने
- एम८ × ६५ बोल्ट २०, एम८ × १०० बोल्ट १२, तितकेच टी-नट (लाकडात ठोकून बसवायचे दातेरी नट), ३० मिमी व्यासाचे वॉशर. प्रत्येकी ४ जादा
- ७५ मिमी जाडीचा पॉलिथिलीन फोम (ईपीई), घनता ३० ते ३५ किलो प्रति घनमीटर

बॅटन बाहेरच्या बाजूला, चारही कडांनी लावायचे. लांब बाजूला मधोमध एक उभा बॅटन आणखी, नाहीतर १२ मिमी प्लायवुड मधून लपकतं. बॅटन प्लायवुडला डिंक आणि स्क्रूने कायमचे जोडले तरी चालतील, कारण पॅनेल हा एक सुटा भाग आहे आणि बदलायचं तर अख्खं पॅनेल बदलतात. पॅनेल एकमेकांना जोडताना मात्र फक्त बोल्ट.

आतली मोकळी जागा ११९५ × ७८० × ५९५ मिमी. लांब बाजूची टोकं आखूड बाजूच्या बॅटनवरून पुढे जातात, म्हणजे कोपऱ्यात लांब बाजूचा उभा बॅटन (४५), तिचं प्लायवुड (१२) आणि आखूड बाजूचा उभा बॅटन (४५) असे १०२ मिमी एका ओळीत येतात. तिथे एम८ × १०० चा बोल्ट, दर कोपऱ्याला तीन. तळाला आणि झाकणाला १८ + ४५ म्हणजे ६३ मिमी, तिथे एम८ × ६५, दहा-दहा. झाकणाच्या परिघावर दोन बोल्टांत साधारण ४४० मिमी अंतर पडतं. मुद्दाम दोनच लांब्या ठेवल्या आहेत. तीन झाल्या की पुढचा माणूस लांब बोल्ट आखूड जागी लावतो आणि टोक आत येऊन कॅबिनेटला टोचतं. लांब बोल्टांची डोकी लाल रंगवून टाका.

टी-नट नेहमी बोल्टच्या विरुद्ध टोकाला, लाकडात ओढला जाईल अशा बाजूने. उलट बाजूने ठोकला तर बोल्ट आवळताना तो बाहेर ढकलला जातो, फिरायला लागतो आणि बंद पेटीत फिरणारा टी-नट काढणं म्हणजे करवत आणणं. दाते ठोकण्याआधी थोडा इपॉक्सी लावा, पण आट्यांत जाऊ देऊ नका. बोल्ट आधी दोन-तीन आटे हाताने फिरवायचा, मग पाना. ड्रिलमशीनने थेट आवळलेला वाकडा बोल्ट आटे खातो. वॉशरखालचं लाकूड किंचित दबलं की थांबा.

लाकडी स्क्रूवर झाकण बसवू नये. एकाच भोकात चार-पाच वेळा स्क्रू गेला की आटे धरत नाहीत, आणि त्याहून वाईट म्हणजे बाहेरून ते कळत नाही. स्क्रू जागेवर दिसतो, पकड मात्र शून्य.

तळाचे तीन ओंडके ८९४ च्या दिशेने टाका, दोन टोकांना, एक मध्ये. त्यांच्यामध्ये दोन बाजूंना साधारण ५२० मिमीच्या दोन फटी राहतात. पॅलेट ट्रकचे (माल उचलायच्या हातगाडीचे) काटे खाली आणल्यावर साधारण ८५ मिमी उंच असतात, म्हणून १०० मिमी. ८० चा ओंडका टाकला तर गोदामातला माणूस काटे रेटून घालतो आणि तळ फोडतो. ओंडक्यांच्या खालच्या कडा तिरप्या तासा, ओढताना अडकत नाहीत.

सीमेपलीकडे जाणार असेल तर लाकडाचा नियम लक्षात घ्या. आयएसपीएम १५ या आंतरराष्ट्रीय नियमानुसार पॅकिंगचं भरीव लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवलेलं (किंवा मान्य केलेली दुसरी प्रक्रिया झालेलं) आणि तसा गव्हाच्या कणसाचा शिक्का असलेलं लागतं. प्लायवुडला यातून सूट आहे. बॅटन आणि ओंडक्यांना नाही. फिरत्या पेटीत इथेच गफलत होते. मोडलेल्या ओंडक्याच्या जागी कुणीतरी घरातला लाकडाचा तुकडा ठोकतो, पेटीवरचा जुना शिक्का तसाच राहतो आणि तपासणीत पेटी अडते. दुरुस्ती केली तर घातलेल्या प्रत्येक नव्या तुकड्यावर शिक्का हवा. एक तृतीयांशाहून जास्त लाकूड बदललं तर जुने शिक्के पुसून सगळ्या पेटीवर नव्याने प्रक्रिया करावी लागते. हा त्रास नको असेल तर बॅटन आणि ओंडकेसुद्धा प्लायवुडचे थर चिकटवून करा. थोडे जड होतात, बाकी काही नाही.

फोम: जास्त घातला म्हणजे जास्त सुरक्षित असं नाही

बहुतेक पेट्या इथे चुकतात. तळावर सबंध फोमची गादी अंथरली की मनाला बरं वाटतं. पण ४३४३ ची पाठ ०.६६७ चौरस मीटर आहे आणि वजन ७७५ न्यूटन. सगळी पाठ फोमवर टेकली तर दाब जेमतेम १.२ किलोपास्कल. एवढ्या हलक्या दाबाखाली हा फोम दबतच नाही, फळीसारखा वागतो आणि धक्का जसाच्या तसा आत पोचवतो. या जातीचा फोम साधारण ५ किलोपास्कलच्या आसपास चांगलं काम करतो. तेवढा दाब आणायचा तर टेकणारी जागा कमी केली पाहिजे: चार कोपऱ्यांना २०० × २०० मिमीच्या चार गाद्या, एकूण ०.१६ चौरस मीटर, दाब ४.८ किलोपास्कल.

लक्षात ठेवायला सोपं: स्पीकरच्या दर किलोला २० चौरस सेंटिमीटर फोम, त्याचे चार भाग. २५ किलोच्या स्पीकरला ११ सेमीच्या चार चौकोनी गाद्या, ५० किलोला साडेपंधरा सेमीच्या, ११० किलोला साडेतेवीस सेमीच्या. पेटीच्या सहाही बाजूंना हाच नियम, कारण पेटी कुठल्या बाजूवर आपटेल ते आधी ठरवता येत नाही. म्हणजे एका स्पीकरला २४ गाद्या.

गाद्या कोपऱ्यांजवळ, कॅबिनेटच्या बाजू जिथे एकमेकींना मिळतात तिथे ठेवायच्या. मध्यभागी पॅनेल लवचीक असतं. तिथे टेकवलं तर धक्क्याने व्हीनिअर (वर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा) सुटतं. गादी पेटीच्या पॅनेलला दोन बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने लावू नका, टेप दोन फेऱ्यांत कोरडी पडते. पॅनेलवर १२ मिमी प्लायवुडच्या पट्ट्यांची चौकट करा आणि गादी त्यात खोचा. गादी हरवली तर रिकामी चौकट लगेच दिसते.

आतली मापं स्पीकर आणि गाद्यांच्या बेरजेपेक्षा पाच-सहा मिलिमीटर कमी ठेवली आहेत, म्हणजे झाकण लावताना फोम किंचित दबतो. झाकण लावायला गुडघा टेकवावा लागत असेल तर काहीतरी जास्त झालं आहे. पेटी हलवल्यावर आत डुगडुग झाली तर कमी.

मऊ पॉलियुरेथेन फोम, म्हणजे सोफ्याचा, एवढ्या वजनाखाली तळाला जाऊन बसतो. थर्माकोल पहिला धक्का छान सोसतो, पण चिरडलेला थर्माकोल परत फुगत नाही. एकदाच्या पेटीला तो ठीक, फिरत्या पेटीला अजिबात नाही. ईपीईसुद्धा कायम दाबाखाली हळूहळू बसतो. म्हणून प्रत्येक गादीच्या कडेवर मार्करने ‘७५’ लिहून ठेवा आणि दर फेरीला फूटपट्टी लावा. ६७ वर आली की बदला. सगळ्यात आधी तळाच्या चार जातात. पेटी भरलेल्या अवस्थेत महिनोन्महिने ठेवली तर प्रवास न करताच जातात.

पेटीत थोडा लहान स्पीकर पाठवायचा असेल तर पोकळी जाड फोमने भरू नका. प्लायवुडचे ठोकळे करून पॅनेलला बोल्टने लावा आणि त्यावर त्या स्पीकरच्या वजनाच्या मापाच्या ७५ मिमी गाद्या. फरक कुठल्याही बाजूला १५० मिमीपेक्षा जास्त असेल तर ती पेटी त्या स्पीकरची नव्हे. जेबीएल एल१०० ला या पेटीत घालणं म्हणजे हवेचं भाडं भरणं.

स्पीकरची तयारी

ग्रिल (समोरची जाळी) काढून वेगळी बांधा. एल१०० सारख्या स्पीकरांच्या जुन्या फोमच्या ग्रिल हात लावताच भुगा होतात. त्या पेटीत पाठवूच नका.

वूफर आणि मोठे ड्रायव्हर काढायचे की जागेवर ठेवायचे, यावर मतं आहेत. कॉम्प्रेशन ड्रायव्हर (हॉर्नच्या, म्हणजे भोंग्याच्या, मागे बसणारा जड ड्रायव्हर) हॉर्नला मागून लटकत असेल तर काढाच. जेबीएल ३७५ एकटा सुमारे १२ किलोचा आहे. तेवढं वजन हॉर्नच्या गळ्यावर तोललेलं असतं आणि पेटी एकदा आपटली की गळा तडकतो. काढलेल्या ड्रायव्हरचं तोंड टेपने नाही, फळीच्या चकतीने आणि बोल्टने बंद करायचं, कारण डायफ्रॅमजवळ (आतल्या थरथरणाऱ्या पातळ पडद्याजवळ) लोखंडाचा एक कण गेला तरी खरखर कायमची. वूफरबाबत आमचा कल असा: ओतीव चौकटीचा आणि चांगल्या स्क्रूंवर बसलेला असेल तर राहू द्या, पत्र्याच्या चौकटीवर चिकटवलेला जड फेराइट चुंबक असेल तर काढा. जोराचा धक्का बसला की चिकटवलेला चुंबक बाजूला सरकतो, मधली फट एका बाजूला बंद होते आणि व्हॉइस कॉइल (कोन हलवणारं तारेचं वेटोळं) तिथेच अडकते. मग कोन बोटांनी हळूच दाबला तर घासल्यासारखं लागतं. सरकलेला चुंबक जागेवर आणणं हे घरचं काम नाही.

जागेवर राहिलेल्या वूफरची दोन टर्मिनलं तांब्याच्या तारेच्या तुकड्याने एकमेकांना जोडा. कोन हलायला लागला की कॉइलमध्ये वीज तयार होते आणि जोडलेल्या टर्मिनलांमुळे तीच वीज कोनला आवरते. फुकटचा ब्रेक. फक्त ही तार काढायची राहिली आणि ॲम्प्लिफायर लावला तर नुकसान मोठं, म्हणून टर्मिनलवर लाल चिठ्ठी बांधा आणि पेटीच्या वहीत नोंद करा.

कोनच्या कडेचा फोम हाताळण्याआधी नीट पाहा. पॉलियुरेथेनची कडा वय झालं की चिकट होऊन आपोआप फाटते. प्रवासाच्या थरथरीने फाटलेली आणि आधीच फाटलेली, यात नंतर फरक करता येत नाही. जवळून, चांगल्या उजेडात, प्रत्येक ड्रायव्हरचा फोटो निघण्याआधीच काढा.

कॅबिनेटवर बबल रॅप थेट गुंडाळू नका. उन्हात तापलेल्या ट्रकमध्ये लॅकर मऊ होतो आणि बुडबुड्यांचे गोल ठसे कायमचे उमटतात. आधी स्वच्छ सुती चादर, मग पातळ फोमचा कागद, मग वरून प्लास्टिक. प्लास्टिक हवाबंद नको. आत ओल कोंडली की व्हीनिअर फुगतं. समुद्रमार्गे जाणार असेल तर सिलिका जेलच्या पिशव्या घाला आणि त्यांची संख्या वहीत लिहा. परत मोजता येतात.

तोंडावर १२ मिमीची फळी ठेवायची. तिच्या कडेला तीन मिलिमीटरची नमद्याची पट्टी, म्हणजे ती फक्त कॅबिनेटच्या कडांवर टेकेल. फळी आणि कोन यांच्यात मोकळी जागा आहे ना, हे डोळ्यांनी तपासा. पुढे आलेल्या ट्वीटरला (वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या ड्रायव्हरला) किंवा हॉर्नच्या पाकळ्यांना जागा लागत असेल तर नमद्याऐवजी जाड लाकडी कड करा आणि पेटीचं माप तेवढं वाढवा. झाकणाच्या चार गाद्या या फळीवर बसतात.

विमानाने जाताना चुंबकाचा प्रश्न येतो. पॅकेटपासून २.१ मीटरवर चुंबकीय क्षेत्र ०.१५९ अँपियर प्रति मीटरपेक्षा कमी असेल तर बंधन नाही. त्याहून जास्त असेल तर तो माल ‘चुंबकीत पदार्थ’ (यूएन २८०७) म्हणून नोंदवावा लागतो. लोखंडी भांड्यात बंद असलेले अल्निको चुंबक बाहेर फार कमी गळतात, उघडे फेराइट जास्त. २.१ मीटरवर होकायंत्राची सुई हललेली दिसली तर एजंटला आधीच सांगा. आणि कॅबिनेटवर रोझवूडचं व्हीनिअर असेल तर ते कुठल्या जातीचं हे शोधा. ब्राझिलियन रोझवूड १९९२ पासून साइट्सच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबाबतच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) पहिल्या परिशिष्टात आहे. कागदांशिवाय सीमेवर अडकतं.

बंद करण्याआधी, उघडण्याआधी

पेटीचा गुरुत्वमध्य बाहेरून खूण करून दाखवा. पाठीवर झोपलेल्या स्पीकरचं वजन वूफरच्या टोकाकडे झुकलेलं असतं, त्यामुळे पेटीच्या मधोमध काटे घातले तर एक टोक खाली जातं. भरलेली पेटी आडव्या पाइपवर ठेवून जिथे तोल साधतो तिथे दोन्ही लांब बाजूंवर खूण करा. स्पीकर बदलला की खूण बदलते, म्हणून ती रंगवू नका, चिकटवा. बाण, पेला आणि छत्री ही चिन्हं मात्र चारही बाजूंना कायमची रंगवा.

आधीच्या फेरीची सगळी लेबलं, बारकोड, पत्ते खरवडून काढा. अर्धवट फाटलेला बारकोडही स्कॅनर वाचतो आणि पेटी परत पहिल्या गावाला निघते. यावर उपाय म्हणून दोन बाजूंना गुळगुळीत पत्र्याचा तुकडा लावा आणि लेबलं फक्त तिथेच चिकटवायची असा नियम करा. पत्र्यावरून ती सोलून निघतात.

धक्का आणि कलंडणं दाखवणारे स्टिकर प्रत्येक फेरीला नवे. पेटी जितकी जड तितका कमी ‘जी’ चा (धक्क्याचा जोर मोजायचं माप) स्टिकर निवडा, नाहीतर तो कधी लाल होणारच नाही. तो बाहेर लावलेला असेल तर सामान हलवणारे जपून हलवतात. दुसरा एक आत, स्पीकरच्या तोंडावरच्या फळीवर लावा. बाहेरचा लाल आणि आतला पांढरा असेल तर फोमने काम केलं.

माल मिळालेल्या माणसाने आधी सहाही बाजूंचे फोटो, मग स्टिकर, मग बोल्टांची डोकी, आणि शेवटी झाकण. काही बिघडलेलं दिसलं तर पोचपावतीवर सही करतानाच ते लिहायचं. थंडीतून आलेली पेटी २४ तास बंदच ठेवावी. लगेच उघडली तर गार चुंबकांवर आणि टर्मिनलांवर दव धरतं.

चौघांचा व्यवहार

पेटीची एक वही असते, प्लास्टिकच्या पाकिटात, झाकणाच्या आतल्या बाजूला. तिच्यात पॅनेलांचं रेखाचित्र, बोल्टांची संख्या, गाद्यांची संख्या आणि दर फेरीची एक ओळ: तारीख, कुठून कुठे, स्पीकर कुठला, सर्वांत पातळ गादी किती मिमी, काय बदललं. घेणारा आणि देणारा, दोघांची सही. वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो चौघांकडे गेला पाहिजे, कारण पेटीबरोबर वहीपण हरवू शकते.

एकजण राखणदार. पेटी त्याच्याकडे असेलच असं नाही, पण कोणाची पाळी, पेटी कुठे, अनामत किती उरली, हे त्याने सांगायचं. अनामत रिकाम्या पेटीच्या पूर्ण किमतीएवढी घ्या. त्याहून कमी घेतली तर पेटी परत करण्यापेक्षा ठेवून घेणं स्वस्त पडतं, आणि माणसं तेच करतात, तेही कुठल्याही वाईट हेतूशिवाय. पाळी मागणीच्या क्रमाने लावण्यापेक्षा रस्त्याच्या क्रमाने लावा: ज्याच्याकडे पेटी रिकामी झाली त्याच्या जवळचा पुढचा. दरवेळी मूळ ठिकाणी परत आणायचं ठरवलं तर वर केलेला हिशेब कोसळतो.

झीज आणि मोडतोड वेगळी धरा. फोम बसणं, बोल्टचा गंज, ओंडक्याची कड झिजणं ही झीज, वर्गणीतून. फुटलेलं पॅनेल, हरवलेली गादी, उपटलेला टी-नट ही मोडतोड, ज्याच्या फेरीत झाली त्याच्याकडून. ती वाहतूकदाराकडून वसूल करायची की नाही हा त्याचा प्रश्न. आणि स्पीकरचा विमा प्रत्येकाने स्वतः काढायचा. पेटी सामायिक आहे, आतला माल नाही. हे सुरुवातीलाच लिहून घ्या. फुटलेल्या वूफरसमोर बसून हे ठरवणं फार कठीण जातं.

सीमा ओलांडताना बीजकात पेटीची ओळ वेगळी टाका: परत जाणारं पॅकिंग, रिकामीचं वजन, तिची किंमत, तिच्यावर कोरलेला क्रमांक. नाहीतर पेटीची किंमत स्पीकरच्या किमतीत मिसळते आणि तिच्यावरही कर भरावा लागतो.

रिकामी पेटी बांधताना क्रम असा. तळ खाली, ओंडक्यांवर. त्यावर दोन लांब पॅनेल, बॅटनच्या बाजू एकमेकींकडे करून. मध्ये ९० मिमीची पोकळी राहते आणि ७५ ची गादी तिच्यात आरामात बसते. त्यावर आखूड दोन, तसेच समोरासमोर. उरलेल्या गाद्या पॅनेलांच्या शेजारी राहणाऱ्या जागेत, तोंडावरची फळी झाकणाखाली, आणि सगळ्यांवर झाकण. फळी त्यात धरली तर उंची १२ मिमीने वाढते, तेवढी चालते. बोल्ट कापडी पिशवीत घालून पिशवी तळाच्या टी-नटला बोल्टने अडकवा. नुसती आत टाकलेली पिशवी पुढच्या माणसाला मिळत नाही. शेवटी दोन पट्टे ओंडक्यांच्या खालून घ्या, ८९४ च्या दिशेने, आणि गाठ बाजूला येऊ द्या. वर आलेल्या बकलावर दुसरी पेटी ठेवली की झाकणाला खड्डा पडतो.